उजळाईवाडीचा विमानतळ : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांच्या उपयोगासाठी)

परिसर अभ्यासाचे खरे पाठ्यपुस्तक म्हणजे शाळेभोवतालचा मुलूख होय. छापील पुस्तक त्या मुलखाकडे बोट दाखविते, इतकेच. करवीर तालुक्यातील उजळाईवाडी, गडमुडशिंगी, तामगाव, नेर्ली या गावांच्या माळावर आपल्या जिल्ह्याचा विमानतळ आहे. डोक्यावरून विमान गेले की वर्गातील मुले खिडकीकडे पाहतात, शिक्षक त्यांस गप्प करतात आणि पाठ पुढे चालू होतो. वास्तविक त्याच क्षणी एक चांगला पाठ दाराशी आलेला असतो. दिशा, वारा, उंची, अंतर, काळ, जिल्ह्याचा इतिहास, नागरिकांची कर्तव्ये असे कितीतरी विषय त्या एका विमानाच्या आधाराने शिकविता येतात.

शाळांच्या भेटींत या विषयावर प्रश्न विचारले असता बहुतेक मुलांना विमानाची माहिती असते, विमानतळाची मात्र नसते. विमान कोणत्या रंगाचे होते हे ते सांगतात. ते नेमके याच दिशेने का उतरले, हे सांगत नाहीत. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने पुढील विवेचन केले आहे. शिक्षकांनी ते आपल्या वर्गाच्या वकुबाप्रमाणे तोडून, दोन किंवा तीन तासिकांत घ्यावे.

१. पाठाचे उद्देश

(अ) विमानतळ म्हणजे केवळ विमाने उतरण्याचे मैदान नसून अनेक माणसांच्या शिस्तबद्ध कामाची जागा आहे, हे विद्यार्थ्यांस समजावे.
(आ) वारा, दिशा, उंची व वेग यांचा परस्परसंबंध प्रत्यक्ष उदाहरणावरून ध्यानात यावा.
(इ) आपल्या जिल्ह्यातील दळणवळणाचा इतिहास थोडक्यात कळावा.
(ई) विमानतळाशेजारी राहणाऱ्या नागरिकांची जबाबदारी कोणती, याची जाणीव व्हावी.

२. थोडा इतिहास

भारतात विमानाने टपाल प्रथम नेण्यात आले ते १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनी येथे. अंतर सुमारे दहा किलोमीटरच होते. परंतु विमानाने अधिकृतपणे टपाल नेण्याचा तो जगातील पहिला प्रसंग मानला जातो. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी एका लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथील विमानतळावर टपाल आणले. भारतीय माणसांनी चालविलेल्या नियमित हवाई सेवेचा तो प्रारंभ होय.

यानंतर अवघ्या सात वर्षांत, १९३९ साली, कोल्हापूर संस्थानात विमानतळ सुरू झाला. ही गोष्ट विद्यार्थ्यांस आवर्जून सांगण्याजोगी आहे. त्या काळी देशातील पुष्कळ मोठ्या शहरांनाही विमानतळ नव्हता. हे काम छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील होय. येथे नावाचा घोटाळा होण्याचा संभव असतो, म्हणून शिक्षकांनी एक स्पष्टीकरण करावे. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम महाराज हे सतराव्या शतकातले. विमानतळाशी संबंध असलेले राजाराम महाराज हे राजर्षी शाहू महाराजांचे पुत्र. त्यांचा जन्म १८९७ सालचा. १९२२ मध्ये ते गादीवर आले आणि १९४० च्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. म्हणजे विमानतळ सुरू झाल्यावर फार दिवस त्यांस तो पाहावयास मिळाला नाही.

दळणवळणाची आवड या संस्थानास जुनीच होती. मिरजेहून कोल्हापुरास येणारी रेल्वे १८९१ साली सुरू झाली. रेल्वे आली, शाहूपुरीची पेठ वसली, गुळाचा व्यापार वाढला. रेल्वेने जे व्यापाराच्या बाबतीत घडले, ते विमानाने वेळेच्या बाबतीत घडावे, अशी दृष्टी या कामामागे असणे स्वाभाविक होते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५३ साली देशातील खासगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्स या महामंडळाकडे आली. मोठी शहरे एकमेकांस जोडणे हे त्या काळाचे पहिले काम होते. लहान विमानतळ साहजिकच मागे पडले. त्यांच्यासाठी १९८१ मध्ये वायुदूत ही वेगळी संस्था स्थापन करण्यात आली, परंतु खर्चाचा मेळ न बसल्याने १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. विमानतळांचा कारभार पाहण्यासाठी १ एप्रिल १९९५ रोजी भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. कोल्हापूरचा विमानतळ आज याच प्राधिकरणाच्या व्यवस्थेखाली आहे.

२०१६ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने ‘उडान’ नावाची योजना जाहीर केली. तिच्याखालील पहिल्या सेवांचा प्रारंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला. त्यांत आपल्या राज्यातील नांदेड ते हैदराबाद ही सेवा होती. कोल्हापूरहून २०१८ च्या एप्रिलात मुंबईसाठी आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हैदराबाद व बेंगळूरु या शहरांसाठी सेवा सुरू झाल्या. पुढे रात्री विमान उतरविण्याची सोय झाली, आणि १० मार्च २०२४ रोजी प्रवाशांसाठी बांधलेल्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. तिच्या दर्शनी कमानी व दगडी काम पाहून जुन्या राजवाड्यांची आठवण व्हावी, अशी ती रचना आहे.

३. सेवा बंद का पडतात?

हा प्रश्न मुले विचारतात, आणि तो टाळू नये. १९३९ साली सुरू झालेल्या विमानतळावर मधली कित्येक वर्षे विमान का येत नव्हते? याचे उत्तर विद्यार्थ्यांस पुढील रीतीने समजावून देता येईल.

एखाद्या वाडीपर्यंत रस्ता झाला म्हणजे तेथे एस. टी. ची गाडी रोज जाईलच असे नाही. गाडीस उतारू हवेत, डिझेलचा खर्च निघावयास हवा, चालक-वाहक हवेत, रस्ता दुरुस्त राहावयास हवा. विमानाचेही तसेच आहे. फरक इतकाच की येथे प्रत्येक खर्च पुष्कळ पटींनी मोठा असतो. दिवसातून एकच विमान आले तरी अग्निशमनदल, नियंत्रण कक्ष, सुरक्षाव्यवस्था आणि धावपट्टीची देखभाल ही सर्व दिवसभर सज्ज ठेवावी लागते.

दुसरे कारण धावपट्टीच्या लांबीचे. कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी सुमारे १३७० मीटर लांबीची होती. एवढ्या लांबीवर लहान विमानेच उतरू शकतात, आणि लहान विमानात उतारू थोडे, म्हणून दर उतारूमागे खर्च अधिक. पुढे ती सुमारे १९३० मीटरपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा अधिक मोठ्या विमानांस वाट मोकळी झाली.

‘उडान’ योजनेत या अडचणीवर असा उपाय योजला होता की, ठराविक जागांचे भाडे मर्यादित ठेवावयाचे आणि त्यामुळे विमान कंपनीस येणारी तूट काही वर्षांपर्यंत शासनाने भरून द्यावयाची. ही मदत कायमची नसते. मुदत संपल्यावर ती सेवा स्वतःच्या पायावर उभी राहावी, अशी अपेक्षा असते. कोठे ती राहते, कोठे राहत नाही. सार्वजनिक सोय बांधणे हे अर्धे काम आणि ती चालू ठेवणे हे दुसरे अर्धे काम, हा धडा यातून विद्यार्थ्यांस मिळावा. शाळेतील हातपंप, वाचनालय, शौचालय यांनाही तो तितकाच लागू आहे, हे चतुर शिक्षकांस सांगणे नको.

४. धावपट्टी आणि वारा

धावपट्टी म्हणजे रुंद, सरळ व भक्कम रस्ता. तिच्या दोन्ही टोकांस मोठे अंक रंगविलेले असतात. कोल्हापूरच्या धावपट्टीचे अंक ०७ आणि २५ असे आहेत. हे अंक कशाचे, ही मुलांच्या कुतूहलाची उत्तम जागा आहे.

होकायंत्रात उत्तर दिशेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे ३६० अंश मोजतात. पूर्व म्हणजे ९० अंश, दक्षिण १८०, पश्चिम २७०. विमान ज्या दिशेस तोंड करून धावते त्या दिशेचे अंश घेऊन, शेवटचे शून्य गाळून, धावपट्टीस अंक देतात. ०७ म्हणजे सुमारे ७० अंश, अर्थात पूर्वेच्या किंचित उत्तरेकडे तोंड. २५ म्हणजे सुमारे २५० अंश, अर्थात पश्चिमेच्या किंचित दक्षिणेकडे तोंड. दोहोंतील अंतर १८ येते, कारण दोन दिशा एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध, म्हणजे १८० अंशांवर आहेत. येथे मुले एक चूक हमखास करतात. २५ हा अंक पश्चिमेच्या टोकास असेल असे त्यांस वाटते. वास्तविक तो पूर्वेच्या टोकास असतो. कारण तेथून उतरणाऱ्या विमानाचे तोंड पश्चिमेकडे असते, आणि अंक वैमानिकाने वाचावयाचा असतो.

आता, कधी या बाजूने व कधी त्या बाजूने विमान का उतरते? पतंग उडविताना मुलगा वाऱ्याच्या समोर धावतो, पाठीवर वारा घेऊन धावत नाही, हा अनुभव प्रत्येक मुलास असतो. तोच नियम येथे लागू पडतो. विमानास उचलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. समजा, एखाद्या विमानास उचलले जाण्यासाठी हवेच्या सापेक्ष ताशी २०० किलोमीटर वेग लागतो. समोरून ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर जमिनीवर ताशी १७० किलोमीटर धावले तरी काम भागते. तोच वारा पाठीमागून असेल, तर जमिनीवर २३० किलोमीटर वेग घ्यावा लागेल आणि धावपट्टी अधिक लागेल. म्हणून उड्डाण आणि अवतरण ही दोन्ही शक्यतो वाऱ्यास सामोरे जाऊन करतात.

आपल्या जिल्ह्यात पावसाळी वारे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतात. धावपट्टीची दिशा त्याच सुमाराची आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नकाशावर ताडून पाहावी. वाऱ्याची दिशा दाखविण्यासाठी धावपट्टीजवळ खांबावर एक कापडी नळी लावलेली असते. वारा नसता ती लोंबते, मंद वाऱ्यात अर्धवट उचलली जाते आणि जोराच्या वाऱ्यात ताठ होते. एका कापडी नळीने दिशा व जोर ही दोन्ही कळतात.

विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचावर हवा विरळ असते. उन्हाळ्याच्या दुपारी तापल्यामुळे ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांस आधार कमी मिळतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून समुद्रकाठच्या विमानतळापेक्षा माळावरच्या विमानतळास त्याच विमानासाठी अधिक लांब धावपट्टी लागते. धावपट्टीची लांबी हा केवळ ऐटीचा प्रश्न नाही, हे यावरून दिसेल.

५. दिवे, मनोरा आणि अग्निशमनदल

रात्री वैमानिकास जमीन दिसत नाही, दिवे दिसतात. दिव्यांचे रंग जगभर ठरलेले आहेत, म्हणून कोणत्याही देशाचा वैमानिक ते ओळखू शकतो. धावपट्टीच्या कडांस पांढरे दिवे, प्रारंभास हिरवे, शेवटास तांबडे. आणि धावपट्टीवरून विमाने उभी करण्याच्या आवाराकडे जाणाऱ्या वाटेच्या कडांस निळे दिवे असतात. याखेरीज धावपट्टीच्या बाजूस चार दिव्यांची एक ओळ असते. योग्य उतारावरून येणाऱ्या वैमानिकास त्यांतील दोन पांढरे व दोन तांबडे दिसतात. चारही पांढरे दिसले तर विमान फार उंच आहे, चारही तांबडे दिसले तर फार खाली आहे, असे समजावयाचे. किती साधी आणि किती बिनचूक युक्ती ही!

नियंत्रण मनोऱ्यातील अधिकारी विमान चालवितात, असा काही मुलांचा समज असतो. तो दूर करावा. विमान वैमानिकच चालवितो. धावपट्टी मोकळी आहे किंवा नाही, वारा कोणत्या दिशेचा, आधी कोणी उतरावयाचे व कोणी थांबावयाचे, हे मनोऱ्यातून सांगण्यात येते. हे बोलणे ठराविक शब्दांत होते आणि महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने पुन्हा उच्चारून दाखवावयाची असते. ऐकलेले परत सांगणे ही केवळ वर्गातील रीत नसून माणसांचे प्राण वाचविणारी शिस्त आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्याची ही संधी होय. विमानवाहतुकीत काळही एकच जागतिक धरतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले असता त्या घड्याळात सकाळचे नऊ वाजलेले असतात.

हवामानाची नोंद हे आणखी एक न दिसणारे काम. वारा, ढगांची उंची, किती लांबचे दिसते, तपमान व हवेचा दाब यांची नोंद नियमाने घेऊन वैमानिकास कळविण्यात येते. पावसाळ्यात विमान कोल्हापूरवर येऊनही न उतरता परत गेले, असे ऐकू येते, तेव्हा लोक चिडतात. धावपट्टी पुरेशी दिसत नसता न उतरणे हाच शहाणपणा असतो, हे मुलांनी घरी जाऊन सांगावे.

अग्निशमनदलाचे काम असे आहे की, ते वर्षानुवर्षे करावे लागू नये हीच सर्वांची इच्छा. तरीही धावपट्टीच्या कोणत्याही भागापर्यंत तीन मिनिटांच्या आत पोहोचता आले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. इंधनाची आग नुसत्या पाण्याने विझत नाही, कारण तेल पाण्यावर तरंगते. म्हणून फेस वापरतात. तो तेलावर पसरून हवेचा संबंध तोडतो. जळत्या तेलावर पाणी ओतू नये, हा घरगुती नियम येथेच समजावून द्यावा.

६. प्रवाशांच्या सोयी

या भागावर फार वेळ घालवू नये. प्रवासी प्रथम तिकीट व ओळखपत्र दाखवितो, मोठे सामान स्वाधीन करतो, त्याची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी होते, मग तो प्रतीक्षागृहात बसतो आणि बोलावणे आल्यावर विमानात चढतो. उतरणाऱ्यांचे सामान फिरत्या पट्ट्यावर येते. अपंग व वृद्ध प्रवाशांसाठी चाकांच्या खुर्च्यांची सोय असते. तपासणी ही कोणावर संशय घेण्यासाठी नसून सर्वांच्या सुरक्षिततेसाठी आहे, आणि ती सर्वांना सारखीच लागू असते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

७. विमानतळ कोणासाठी?

‘आमच्यापैकी कोणी विमानात बसत नाही, मग याचा आम्हांस काय उपयोग?’ असे एखादा विद्यार्थी विचारील. विचारू द्यावे. या प्रश्नास प्रामाणिक उत्तर द्यावयास हवे.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेस महापूर आला. पुणे–बेंगळूरु महामार्ग पाण्याखाली गेल्याने अनेक दिवस वाहतूक बंद राहिली आणि कोल्हापूर शहर चहूकडून वेढले गेले. त्या वेळी बचावपथके हवाईमार्गाने आणावी लागली. रस्ते नदीकाठच्या सखल भागातून जातात, विमानतळ उंच माळावर आहे. रस्ता बुडाला तरी माळ उघडा राहतो. त्या दिवसांत होडीतून बाहेर काढलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी जन्मात विमानाचे तिकीट काढलेले नसेल. तरीही उंचावरील अशा जागेचे मोल त्यांच्यासाठी काय होते, हे आपल्या जिल्ह्यातील मुलांस वेगळे सांगावे लागणार नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धावपट्टी लांबवावयाची म्हणजे जमीन लागते आणि ती कोणाची तरी असते. विमानतळालगतच्या शाळांत अशी मुले असू शकतात की ज्यांच्या घरची जमीन सार्वजनिक कामासाठी गेली, किंवा ज्यांची शेताची वाट वळवावी लागली. अशा मुलांपुढे केवळ प्रगतीचे गोडवे गाऊ नयेत. जिल्ह्याच्या सोयीसाठी काही कुटुंबांनी जे दिले, त्याचा उल्लेख शिक्षकांनी वर्गात आदराने करावा. भरपाई, मोजणी, हरकत या शब्दांचे अर्थ मोठ्या मुलांस समजावून द्यावेत. कोणाचीही बाजू घेऊन वादात मात्र पडू नये. सार्वजनिक कामाचा लाभ व त्याचा भार हे नेहमी एकाच घरावर पडत नाहीत, एवढे सत्य दहा वर्षांच्या मुलास समजू शकते.

८. शेजाऱ्यांची कर्तव्ये

हा पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उताराने येते. म्हणजे दर किलोमीटरमागे ते सुमारे ५२ मीटर खाली येते. धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर त्याची उंची सुमारे १०५ मीटर आणि एक किलोमीटरवर अवघी ५२ मीटर असते. मुलाच्या चक्रीतील दोरा याहून लांब असतो! धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या दिशेस पतंग उडविणे हा खेळ राहत नाही, हे या एका हिशेबाने सिद्ध होते.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. वेगाने येणाऱ्या विमानाच्या इंजिनात घार किंवा बगळा सापडला तर इंजिन निकामी होऊ शकते. पक्षी का येतात? उघड्यावर टाकलेले खरकटे, मांसाचे तुकडे व मेलेली जनावरे यांसाठी येतात. म्हणूनच विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर जनावरे कापण्यास व पक्ष्यांस आकर्षित करणारी घाण टाकण्यास १९३७ च्या विमानविषयक नियमांतच बंदी घालण्यात आली होती. गावचा उकिरडा झाकलेला असावा, हा आरोग्याचा नियम येथे प्रवाशांच्या जिवाशी येऊन भिडतो.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. लेसरचा किरण विमानाकडे रोखल्यास उतरत्या क्षणी वैमानिकाचे डोळे दिपतात. असे खेळणे जत्रेत थोड्या पैशांत मिळते, म्हणून मुलांस याची स्पष्ट ताकीद द्यावी. ड्रोन व उंच बांधकामे यांसाठीही परवानगीचे नियम आहेत. कुंपणाच्या आत गुरे सोडू नयेत, तारा वाकवून वाट करू नये, हे वेगळे सांगावयास नकोच.

९. वर्गात घ्यावयाचे उपक्रम

(१) जुन्या कापडाची, एका तोंडास रुंद व दुसऱ्यास निमुळती अशी नळी शिवून काठीवर बांधावी. आठवडाभर रोज दोन वेळा वाऱ्याची दिशा तक्त्यावर नोंदवावी. विमानतळाजवळच्या शाळांनी त्या दिवशी विमान कोणत्या बाजूने उतरले तेही लिहावे व आठवड्याअखेर दोहोंचा मेळ पाहावा.

(२) होकायंत्राच्या साहाय्याने मैदानावर ७० व २५० अंशांची रेघ फक्कीने आखावी आणि तिच्या योग्य टोकांस अंक लिहावेत.

(३) गणित : धावपट्टी १९३० मीटर. मुलाचे पाऊल अर्ध्या मीटरचे धरल्यास किती पावले होतील? (३८६०.) ताशी २१६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ६० मीटर, वेगाने ती ओलांडण्यास किती सेकंद लागतील? (सुमारे ३२.)

(४) दोन मुलांनी पाठीस पाठ लावून बसावे. एकाने सूचना द्यावी, दुसऱ्याने ती शब्दशः परत सांगून मगच कृती करावी. परत न सांगता खेळ खेळल्यास किती चुका होतात, याची तुलना करावी.

(५) गावातील वृद्धांस विचारून माळावर पूर्वी काय पिकत असे, गुरे कोठे चरत, वाटा कोठून जात, याचा एक साधा नकाशा तयार करावा. हे काम चौथीच्या मुलांस सहज साधते.

प्रत्यक्ष भेट द्यावयाची असल्यास मुख्याध्यापकांनी विमानतळ कार्यालयाकडे आगाऊ लेखी परवानगी मागावी. परवानगीशिवाय मुलांस कुंपणापर्यंत नेऊ नये. सेवा व वेळा बदलत असतात, म्हणून त्या पाठ करून घेऊ नयेत. त्या त्या वेळचे वेळापत्रक पाहण्यास शिकवावे.

१०. स्वाध्याय

(१) कोल्हापूरचा विमानतळ कोणाच्या कारकिर्दीत व कोणत्या साली सुरू झाला?
(२) २५ हा अंक धावपट्टीच्या कोणत्या टोकास असतो? का?
(३) विमान वाऱ्यास सामोरे जाऊन का उतरते? पतंगाच्या उदाहरणाने सांगा.
(४) वैमानिकास चारही दिवे तांबडे दिसले, तर त्याने काय समजावे?
(५) धावपट्टी तयार असूनही विमानसेवा बंद पडू शकते. कारणे लिहा.
(६) तुमच्या घरचा उकिरडा उघडा आहे की झाकलेला? तो झाकण्यासाठी काय करता येईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून भागणार नाही. ते घरी जाऊन करून दाखवावयाचे आहे, आणि शिक्षकांनी पंधरा दिवसांनी त्याची चौकशी करावी. पाठ वर्गात संपला किंवा नाही हे प्रश्नोत्तरांवरून कळेल. तो मुलांच्या वागण्यात उतरला किंवा नाही हे गावच्या उकिरड्यावरून आणि संक्रांतीच्या सुमारास माळावर उडणाऱ्या पतंगांवरून कळेल.